चाळणी नव्हे, शिडी

संत फ्रान्सिस झेवियरांचे नाव घेताच आपले मन जुन्या गोव्याकडे धाव घेते. परंतु याच संताच्या नावाने अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरी एक विद्यापीठ उभे आहे. त्याची कथा आपल्या कुटुंबांनी जाणून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

फिलाडेल्फियाच्या धनाढ्य पेढीवाल्याची कन्या कॅथरिन ड्रेक्सेल १८८७ साली पोप लिओ तेरावे यांच्या भेटीस गेली. मूलनिवासींसाठी मिशनरी पाठवावेत, ही तिची विनंती. तू स्वतःच मिशनरी का होत नाहीस, असे पोपमहोदयांनी विचारले. १८९१ मध्ये तिने धर्मभगिनींचा संघ स्थापिला व वडिलार्जित संपत्तीचे उत्पन्न कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी यांच्या सेवेस वाहिले. न्यू ऑर्लिन्समध्ये १९१५ साली तिने काढलेल्या शाळेतून १९२५ मध्ये महाविद्यालय उभे राहिले. १९२७ मध्ये औषधनिर्माणशास्त्राची शाखा आली. त्या काळी तेथील गोऱ्यांच्या महाविद्यालयांची, आणि खेदाने सांगावे लागते, कॅथलिक महाविद्यालयांचीही दारे कृष्णवर्णीयांना बंद होती.

१९५५ मध्ये मदर कॅथरिन निवर्तल्या. वडिलांच्या मृत्युपत्रानुसार मूळ निधी इतर संस्थांकडे गेला आणि झेवियरचा मोठा आधार तुटला. १९६८ मध्ये येथीलच माजी विद्यार्थी, एका केशकर्तनकाराचे पुत्र नॉर्मन फ्रान्सिस, हे पहिले कृष्णवर्णीय व पहिले प्रापंचिक अध्यक्ष झाले.

येथे येणारे अनेक विद्यार्थी दुर्बल शाळांतून आलेले असत. इतरत्र पहिल्या वर्षाचे रसायनशास्त्र म्हणजे चाळणी. जो गळला तो गळला. झेवियरच्या अध्यापकांनी त्याची शिडी केली. त्यांनी स्वतः सोप्या पाठपुस्तिका लिहिल्या, वरचेवर छोट्या चाचण्या घेतल्या, मुलांना गटाने अभ्यासास बसविले. १९७७ पासून उन्हाळी तयारीवर्ग भरविले. परीक्षेची पातळी मात्र खाली आणली नाही. फळ असे, की १९९० च्या दशकात अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांत सर्वाधिक कृष्णवर्णीय विद्यार्थी धाडणारी संस्था म्हणून हे छोटे विद्यापीठ ओळखले जाऊ लागले. मदर कॅथरिन २००० साली संतपदी आरूढ झाल्या.

शिष्यवृत्तीचा धनादेश दिला की आपले कर्तव्य संपले, असे आपण समजतो. पैशाने दार उघडते. आत गेलेल्या लेकराचा हात मात्र कोणीतरी धरावा लागतो. आपल्या धर्मग्रामातील एखादा मुलगा विज्ञानशाखा सोडून घरी परतला, तर त्याला झेपले नाही असे म्हणण्यापूर्वी, त्याच्या शेजारी कोण बसले होते, हे आपण स्वतःस विचारू या.