बर्फाचें मैदान आणि मातीचें मैदान

थंड देशांतील माणसें हिंवाळ्यांत शेकोटीजवळ कोंडून बसत असतील, अशी आपली एक समजूत असते. हॉलंडचा इतिहास वाचूं लागलें म्हणजे ती पार पालटते. सोळाव्या व सतराव्या शतकांत युरोपांतील हिंवाळे फार कडक असत. हॉलंडमधील कालवे व तळीं गोठून जात, आणि गांवचा गांव पायांना लोखंडी पट्ट्या बांधून त्यांवर घसरत फिरे. हेंद्रिक आवेरकाम्प (१५८५–१६३४) ह्या चित्रकारानें प्रामुख्यानें हींच दृश्यें रंगविलीं. तो स्वतः मुका होता. परंतु त्याच्या चित्रांतील माणसें मोठीं बोलकीं आहेत. कोणी वांकड्या काठीनें चेंडू टोलवीत आहे, कोणी तोल जाऊन आडवा पडला आहे. उंची पोषाखांतील श्रीमंत आणि साधे कोळी एकाच बर्फावर आहेत, आणि बर्फ दोघांनाहि सारखाच पाडतो.

ह्या खेळाची खरी गोडी आम्हांस येथेंच दिसते. शेत कोणाचें तरी असतें, बाग कोणाची तरी असते. गोठलेलें पाणी मात्र कोणाच्याच मालकीचें नसतें. थोडे दिवस कां होईना, निसर्ग सर्वांना एक सामाईक मैदान देतो. पुढें कॅनडांत बर्फावरील हॉकी नियमांनीं बांधली गेली, आणि ३ मार्च १८७५ रोजीं माँट्रियल येथें ती छपराखालीं खेळण्यांत आली. परंतु छपराबरोबर दार येतें, आणि दार आलें कीं आंत कोणास घ्यावयाचें हा प्रश्नहि येतो.

कोल्हापुरावर निसर्गाची अशी मेहेरबानी नाहीं. मार्गशीर्षांतल्या पहाटे रंकाळ्यावर धुकें दाटतें, पण पाणी कांहीं गोठत नाहीं. तेव्हां येथें सामाईक मैदान हवें असेल तर तें माणसानेंच करावयास हवें. आणि तें एका राजानें केलें.

सन १९०२ मध्यें सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त शाहू छत्रपति विलायतेस गेले. ते परदेशीं असतांनाच, २६ जुलै १९०२ रोजीं, मागासलेल्या वर्गांसाठीं निम्म्या सरकारी जागा राखून ठेवण्याचा त्यांचा हुकूम करवीरच्या गॅझेटांत प्रसिद्ध झाला. त्याच प्रवासांत त्यांनीं रोमचें कलोसियम पाहिलें. त्या धर्तीवरील खासबाग मैदान १९१२ सालीं पुरें झालें. रोमच्या त्या वास्तूंत गुलामांचें रक्त सांडत असे. महाराजांनीं तिची रचना तेवढी घेतली, क्रौर्य टाकून दिलें. मध्यें तांबड्या मातीचा हौदा आणि भोंवतीं चढत्या बैठका, त्यामुळें अगदीं मागें बसलेल्या खेडुताच्या दृष्टीआडहि कुस्ती होत नाहीं. नोकरींत जागा आणि मैदानांतहि जागा: ह्या दोन्ही गोष्टी एकाच मनांतून निघाल्या, असें आम्ही समजतों.

ह्या मातीचा गुण पुढें फुटबॉललाहि लागला. थंडी पडूं लागली कीं कोल्हापुरांत फुटबॉलचा हंगाम सुरू होतो. संघांचीं नांवें पाहावींत: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. सातासमुद्रांपलीकडून आलेल्या चेंडूला पेठांच्या तालमींनीं घरचाच करून टाकिलें. शाहूंच्या नांवाच्या क्रीडांगणावर दुपारच्या कोंवळ्या उन्हांत बसून, आपल्या पेठेसाठीं घसा कोरडा करणाऱ्या माणसास हॉलंडच्या बर्फाचा हेवा वाटण्याचें कारण नाहीं.

आतां तर तो बर्फहि दुर्मिळ झाला आहे. हॉलंडमधील अकरा शहरांना जोडणारी सुमारें २०० किलोमीटरांची प्रसिद्ध शर्यत ४ जानेवारी १९९७ नंतर झालेली नाहीं. तितका जाड बर्फच धरत नाहीं. तेथील लोक आभाळाकडे पाहून वाट पाहतात. आपलें तसें नाहीं. मातीचें मैदान उन्हानें वितळत नाहीं. तें नाहींसें होतें तें इमारतीखालीं, आपल्याच संमतीनें. मुलांच्या अभ्यासाची काळजी वाहणाऱ्या आमच्या वाचकांनीं आपल्या पेठेंतील मोकळ्या जागेचीहि थोडी काळजी वाहावी, एवढीच विनंति.