सुहैली: टाकीतलं पाणी नासलं तेव्हा

आजची गोष्ट 'सुहैली' नावाच्या ३२ फुटी शिडाच्या बोटीची. सागवानाची, आणि बांधलेली आपल्या मुंबईत!

१४ जून १९६८ला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून इंग्लंडमधल्या फाल्मथहून एकटाच निघाला. कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची. म्हणजे वाटेत बंदरावर पाणी भरणं बंद.

केप ऑफ गुड होपजवळ वादळी लाटेनं बोट आडवी केली आणि टाक्यांमधलं पिण्याचं पाणी खराब झालं. आता बघा, पंप बिघडला तर खोलता येतो, पाइप गळला तर बांधता येतो; पण टाकीतलं पाणीच नासलं तर दुरुस्त काय करणार? त्याला तारलं ते कॅनमध्ये वेगळ्या ठेवलेल्या पाण्यानं आणि पावसानं. शिडावरून ओघळणारं पाणी तो भरून घ्यायचा. अशा वेळी पहिल्या सरीचं पाणी सोडून द्यायचं असतं, कारण शिडावर मीठ बसलेलं असतं.

२२ एप्रिल १९६९ला, ३१२ दिवसांनी तो फाल्मथला परतला. एकट्यानं, न थांबता जग फिरून आलेला पहिला माणूस!

आम्ही सॉफ्टवेअरवाले सारखं बॅकअप बॅकअप करतो ना, ते हेच. सगळं एकाच टाकीत असेल, तर तो बॅकअप नव्हेच. पुढच्या ट्रेकला पाणी दोन बाटल्यांत घ्या. भेटू!