ठिपकेवाल्याचा शेजारी कुठे गेला?

पनामाच्या दमट जंगलात चिमणीहून लहान असा एक पक्षी राहतो. नराच्या पांढऱ्या छातीवर काळ्या ठिपक्यांची माळ असते. इंग्रजीत त्याला स्पॉटेड अँटबर्ड म्हणतात. आपण ठिपकेवाला मुंगीपक्षी म्हणू. नाव फसवे आहे. त्याचे लक्ष मुंग्यांवर नसतेच. लष्करी मुंग्यांचा जथा पाचोळ्यातून निघाला की जीव वाचवायला पळणारी झुरळे, नाकतोडे, कोळी तो टिपतो.

पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदीवर गातुन येथे धरण बांधले गेले. जंगल बुडाले आणि टेकड्यांचे माथे बेटे होऊन उरले. कालवा १९१४ साली सुरू झाला. त्या बेटांपैकी बारो कोलोराडो हे सुमारे १५ चौरस किलोमीटरचे बेट १९२३ साली संशोधनासाठी राखून ठेवले गेले.

१९३२ पासून टी. सी. श्नाइर्ला यांनी तिथे लष्करी मुंग्यांचा अभ्यास केला. ही टोळी सुमारे १५ दिवस जवळजवळ रोज मुक्काम हलवते, मग २० दिवस एके जागी राहते आणि या काळात तिच्या धाडी कमी होतात. म्हणजे केवळ मुंग्यांच्या भरवशावर जगणाऱ्या पक्ष्याला एक टोळी पुरत नाही. अनेक टोळ्या, म्हणजेच पुष्कळ जंगल लागते.

१९६० च्या सुमारास एडविन विलिस तिथे आले. पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी घालून ते वर्षानुवर्षे जथ्यांमागे हिंडले. (हे काम किती चिकाटीचे, ते डासांच्या जंगलात तासभर उभे राहिलेल्यालाच कळेल.) त्यांना दिसले, की मुंग्यांभोवती मानपान असतो. मोक्याची जागा मोठ्या, डोळेदार नक्षीच्या ऑसिलेटेड अँटबर्डची. ठिपकेवाल्याला कडेला हुसकले जाई. पण ठिपकेवाला मुंग्यांवाचूनही शिकार करू शकतो. दुसऱ्याला ते जमत नाही.

विलिसांच्या डोळ्यांदेखत हा मोठा पक्षी घटत गेला आणि पुढे बेटावरून नाहीसा झाला. बेट राखीव होते, जंगल वाढत होते, मुंग्याही होत्या. मग काठावरच्या जंगलातून नवे पक्षी का आले नाहीत? वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. 'उडून येतील की!' असेच बहुतेक मुले म्हणतील. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गातुन तलावात होडीतून काही जंगली पक्षी सोडले होते. त्यांतल्या काही जातींना शंभर मीटर पाणीही ओलांडता आले नाही. दाट झाडीत फांदीवरून फांदीवर जाणाऱ्यांना उघड्यावर लांब उडण्याची सवयच नसते.

ठिपकेवाल्यांची संख्या मात्र वाढली, लगेच नव्हे, बऱ्याच वर्षांनी; आणि आता ते जथ्याभोवती पूर्वीपेक्षा जास्त दिसतात.