सागरी लोहखत आणि मत्स्यवाढ

सागरी लोहखत म्हणजे, समुद्राच्या ज्या भागांत इतर पोषकद्रव्ये मुबलक असूनही केवळ लोहाच्या अभावी वनस्पतिप्लवकांची वाढ खुंटलेली असते, तेथे लोहाचे क्षार (बहुधा फेरस सल्फेट) सोडून ती वाढ घडवून आणण्याची पद्धत होय. कार्बन डायऑक्साइड शोषला जावा, हा तिचा मुख्य हेतू. प्लवक वाढले की त्यावर पोसणारे मासेही वाढतील, ही आशा तिला नंतर जोडली गेली. उत्तर पॅसिफिकमधील सॅल्मन माशाबाबत तसा दावाही झाला. भारताचा या विषयाशी थेट संबंध गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केलेल्या लोहाफेक्स प्रयोगामुळे येतो.

पार्श्वभूमी

दक्षिण महासागर, विषुववृत्तीय पॅसिफिक आणि उत्तर पॅसिफिकचा उपध्रुवीय पट्टा येथे नायट्रेट भरपूर, पण हरितद्रव्य अल्प असते. याचे कारण लोहाची उणीव, असे अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी मांडले. गालापागोस बेटांजवळ १९९३ मध्ये पहिली चाचणी झाली, तेव्हा मार्टिन हयात नव्हते. लोह टाकल्यास प्लवक वाढते, हे त्यानंतरच्या प्रयोगांतून निर्विवाद ठरले. वाद आहे तो पुढच्या टप्प्यांविषयी.

लोहाफेक्स

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी हा प्रयोग जानेवारी ते मार्च २००९ मध्ये दक्षिण अटलांटिकमध्ये ‘पोलारस्टर्न’ या जहाजावरून केला. वाजिह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक हे त्याचे प्रमुख होते. नावातील ‘लोह’ हा आपलाच शब्द. पर्यावरणवादी संघटनांच्या आक्षेपामुळे जर्मन सरकारने तो काही काळ थांबवला होता. जहाज तोवर केपटाउनहून निघालेले होते.

एका मोठ्या सागरी भोवऱ्यातील सुमारे ३०० चौरस किलोमीटर क्षेत्रात लोह सोडण्यात आले. प्लवक वाढले, पण अपेक्षेइतके नाही. कठीण कवचाच्या डायाटम या प्लवकांना सिलिका लागते आणि त्या पाण्यातील सिलिका आधीच संपुष्टात आलेली होती. त्यामुळे कवच नसलेले बारीक प्लवकच वाढले. कोपेपॉड या सूक्ष्म प्राण्यांनी त्यांचा फडशा पाडला आणि कोपेपॉडांवर ॲम्फिपॉड पोसले. ॲम्फिपॉड हे म्हाकूळ व देवमाशांचे खाद्य आहे. म्हणजे अन्नसाखळी एक-दोन पायऱ्या वर सरकल्याचे दिसले, परंतु खोल समुद्रात गेलेला कार्बन नगण्य ठरला. माशांची संख्या वाढते की नाही, हे तपासणे काही आठवड्यांच्या अशा मोहिमेला शक्यही नव्हते.

सॅल्मनविषयीचा दावा

ऑगस्ट २००८ मध्ये अलास्कातील कासाटोची ज्वालामुखीची राख समुद्रात पडून प्लवकांचा मोठा बहर आला. कॅनडातील फ्रेझर नदीत २००९ मध्ये जेमतेम १५ लाख सॉकआय सॅल्मन परतले होते. २०१० मध्ये ही संख्या सुमारे ३ कोटींवर गेली. काही संशोधकांनी याचे श्रेय राखेतील लोहाला दिले. मात्र फ्रेझरमधील सॉकआयचे चक्र चार वर्षांचे असते आणि २०१० हे भरतीचेच वर्ष होते. राख पडली तेव्हा हे मासे त्या भागात होते का, हाही आक्षेप आहे.

याच कल्पनेवर २०१२ मध्ये हायडा ग्वाय बेटांच्या पश्चिमेस एका स्थानिक कंपनीने १०० टनांहून अधिक लोहयुक्त द्रव्य समुद्रात टाकले. बहर उपग्रहांवरून दिसला. पुढील वर्षी आग्नेय अलास्कात गुलाबी सॅल्मनचे विक्रमी उत्पादन झाले, पण तुलनेसाठी लोह न टाकलेले क्षेत्र राखलेले नसल्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. आधी घडले म्हणून तेच कारण, हा तर्क येथे पुरेसा नाही.

कायदेशीर स्थिती

जैवविविधता करारातील देशांनी २००८ मध्ये अशा उपक्रमांबाबत संयमाचे धोरण स्वीकारले. लहान प्रमाणातील शास्त्रीय अभ्यासाला त्यातून सूट आहे. लंडन प्रोटोकॉलमध्ये २०१३ साली तशी दुरुस्ती संमत झाली.

भारतीय समुद्र

भारताच्या समुद्रात सॅल्मन नैसर्गिकरीत्या आढळत नाही. ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून विकला जाणारा रावस वेगळ्याच कुळातील आहे. नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या अखेरीस अरबी समुद्राच्या पश्चिम भागात लोहाची उणीव जाणवते, असे नक्वी व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडले. तथापि या समुद्राच्या मध्यम खोलीवर प्राणवायू आधीच अत्यल्प आहे आणि मृत प्लवक कुजताना तो आणखी घटतो. ठाण्याची खाडी वा उल्हास नदीचे मुख येथे तर प्रश्न उलटा आहे. सांडपाण्याबरोबर तेथे पोषकद्रव्ये गरजेपेक्षा जास्तच येतात.