उत्तर बरोबर, पायऱ्या अपुऱ्या

उत्तर बरोबर, पण मधल्या पायऱ्या लंगड्या. अशा उदाहरणाला गुण किती द्यावेत, हा प्रश्न उत्तरपत्रिका तपासताना आपल्याला नेहमी पडतो. गणिताच्या इतिहासात हाच प्रश्न एकदा फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला, आणि त्याचा निकाल लागायला साठ वर्षांहून अधिक काळ गेला.

सुरुवात ओळखीच्या वर्तुळापासून करू. क्ष² + य² = १ या वर्तुळावरचा (−१, ०) हा बिंदू घ्या. त्यातून 'त' एवढ्या चढाची रेषा काढली, की ती वर्तुळाला आणखी एकाच बिंदूत छेदते. त्या बिंदूचे निर्देशक क्ष = (१ − त²)/(१ + त²) आणि य = २त/(१ + त²) असे येतात. त = १/२ घेतल्यास ३/५ आणि ४/५ मिळतात, म्हणजे आपले ३, ४, ५ हे त्रिकूटच! उलट, बिंदू दिला तर त = य/(क्ष + १) हेही लगेच काढता येते. अशा रीतीने, मोजके अपवाद सोडून, आकृतीवरचे सर्व बिंदू मुक्त प्रचलांच्या साध्या अपूर्णांकी सूत्रांनी एकास एक मिळत असतील, तर त्या आकृतीला 'परिमेय' म्हणतात.

क्ष³ + य³ = १ या वक्राला मात्र अशी सूत्रे सापडत नाहीत; ती असूच शकत नाहीत. पण एक मिती वाढवून तीन चलांतले तिसऱ्या कोटीचे पृष्ठ घेतले (चलांच्या किंमती संमिश्र संख्या धरू, आणि पृष्ठाला कोठे टोक किंवा छेद नाही असे मानू), तर ते परिमेय निघते. त्यावर एकमेकींना न छेदणाऱ्या दोन सरळ रेषा असतात. प्रत्येकीवर एक बिंदू निवडून ते दोन जोडले, की जोडरेषा पृष्ठाला तिसऱ्या बिंदूत छेदते. दोन प्रचल, एक बिंदू. काम झाले.

आता समजा, सूत्रे आहेत, पण एकच बिंदू प्रचलांच्या अनेक किंमतींनी मिळतो. मग सूत्रे बदलून एकास एक जोडी लावता येईल का? वक्रांसाठी 'होय' हे उत्तर जर्मन गणिती ल्युरोथ यांनी १८७६ च्या सुमारास दिले. पृष्ठांसाठी ते इटलीच्या कास्तेलनुओव्हो यांनी १८९४ मध्ये दिले. साहजिकच तीन मितींचे काय, असा प्रश्न पुढे आला.

येथे गिनो फानो (१८७१–१९५२) यांचा प्रवेश होतो. तुरिन विद्यापीठातल्या या प्राध्यापकांनी १९०८ मध्ये चार चलांतल्या चौथ्या कोटीच्या आकृतीविषयी दावा केला, की ती परिमेय नाही. चलांपेक्षा कोटी मोठी असेल तर हे दाखवायला सोपे हत्यार उपलब्ध होते. चार चले आणि चौथी कोटी ही नेमकी सीमारेषा. तेथे ते हत्यार चालत नाही. फानोंची कल्पना सुंदर होती, पण सिद्धतेत खिंडारे होती. त्या काळच्या इटालियन भूमितीत अंतर्दृष्टीवर फार भिस्त असे, आणि पुढच्या पिढीला ती पुरेशी वाटेना. १९३८ मध्ये फॅसिस्ट राजवटीच्या वंशविषयक कायद्यांमुळे ज्यू असलेल्या फानोंना प्राध्यापकपद गमवावे लागले. ते स्वित्झर्लंडला गेले. सिद्धता अपुरीच राहिली.

१९७१ मध्ये मॉस्कोच्या युरी मानिन आणि त्यांचे विद्यार्थी वासिली इस्कोव्स्किख यांनी ती पुरी केली. युक्तिवादाचा गाभा आपणही समजून घेऊ शकतो. समजा, आकृतीचे रूप पालटणारी सूत्रे म कोटीच्या बहुपदींनी दिली आहेत. अशा दोन बहुपदी शून्य केल्या, की आकृतीवर ४ × म × म, म्हणजे ४म² कोटीचा वक्र उरतो. फानोंचे म्हणणे असे, की ही सूत्रे आकृतीची साधी सममिती नसतील, तर या बहुपदी एखाद्या बिंदूत किंवा वक्रावर प्रमाणाबाहेर दाटी करतात. वक्राचा भाग वेगळा हाताळावा लागतो. बिंदूपाशी मात्र या दोघांनी ती दाटी मोजली; ती ४म² हून अधिक भरली. पण ४म² कोटीचा वक्र एका बिंदूतून त्याहून अधिक वेळा जाईल कसा? विसंगती! म्हणजे अशी सूत्रे नाहीतच. आकृती स्वतःच्या सममितींखेरीज दुसरे रूप घेत नाही. या गुणाला पुढे 'द्विपरिमेय दृढता' हे नाव रूढ झाले.

याच जातीच्या काही आकृतींना अनेकास एक सूत्रे आहेत, हे बेनियामिनो सेग्रे यांनी १९६० मध्ये दाखवले होते. दोन्ही निष्कर्ष जोडले, की तीन मितींत ल्युरोथ यांच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे ठरते. त्याच सुमारास, १९७२ मध्ये, क्लेमेन्स व ग्रिफिथ्स आणि आर्टिन व ममफर्ड या जोड्यांनी वेगवेगळ्या वाटांनी तेच उत्तर दिले.

मग पाच चले आणि पाचवी कोटी? तेथे वक्राची कोटी ५म², पण दाटीची हमी तेवढीच, ४म² पेक्षा अधिक. विसंगती हातून निसटते! म्हणून पुढची वाट लांबली. पाचव्या कोटीचा निकाल पुखलिकोव्ह यांनी १९८७ मध्ये लावला. १९९८ मध्ये त्यांनीच सर्व कोटींसाठी तो सिद्ध केला, पण फक्त सर्वसाधारण, म्हणजे खास अपवादात्मक नसलेल्या, आकृतींपुरता. २००३ मध्ये द फेर्नेक्स, आइन आणि मुस्ताता बाराव्या कोटीपर्यंत पोहोचले. २०१३ मध्ये द फेर्नेक्स यांनी चौथ्यापासून पुढच्या सर्व कोटींचा निकाल प्रसिद्ध केला. त्या लेखातल्या एका पायरीची दुरुस्ती त्यांनी स्वतःच २०१६ मध्ये छापली, प्रमेय टिकले.

फानोंना गुण किती द्यायचे? सिद्धतेचे गुण मानिन आणि इस्कोव्स्किख यांचेच. पण ज्या कल्पनेच्या आधाराने ती झाली, तिला आजही नोएथर–फानो पद्धत म्हणतात. वर्गातले एखादे मूल बरोबर उत्तर देऊन पायऱ्यांत अडखळले, तर 'चूक' असा शेरा मारण्याआधी त्याला ते कसे सुचले, एवढे विचारायला काय हरकत आहे? पायऱ्या मात्र शेवटी कोणीतरी पुऱ्या करायलाच हव्यात.