संगणक साधनांचे वाद : आवडीनिवडीपासून सार्वजनिक हितापर्यंत

नेहरू नगर (भिलाई) : आज्ञावली कोणत्या संपादकात लिहावी, ओळीच्या आरंभी टॅब द्यावा की स्पेस, कोणती कार्यप्रणाली सरस, अशा प्रश्नांवरून प्रोग्रॅमरांमध्ये होणारी खडाजंगी नवी नाही. या वादांचा इतिहास सुमारे पन्नास वर्षांचा आहे.

त्यांतील सर्वाधिक गाजलेला वाद ‘व्हीआय’ आणि ‘ईमॅक्स’ या मजकूर-संपादकांचा. दोहोंचा उगम १९७६ मधला. ‘व्हीआय’ बिल जॉय यांनी बर्कले येथे घडवले, तर ‘ईमॅक्स’ रिचर्ड स्टॉलमन आणि सहकाऱ्यांनी एमआयटीमध्ये. ‘व्हीआय’मध्ये लिहिणे आणि आज्ञा देणे या दोन वेगळ्या अवस्था असतात, ‘ईमॅक्स’मध्ये अनेक कळा एकत्र दाबून आज्ञा दिल्या जातात. बोटांना एकदा वळण पडले की दुसरे साधन अवघड वाटते. वादातील आवेशाचे हे एक प्रमुख कारण आहे.

जानेवारी १९९२ मध्ये प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी लिनक्सची रचना कालबाह्य ठरवली आणि लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी त्यांना तिखट उत्तर दिले. आज अँड्रॉइड फोनही लिनक्सच्याच गाभ्यावर चालतात.

भारतात असा एक वाद थेट मतदानापर्यंत पोहोचला. दस्तऐवज साठवण्यासाठी ‘ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट’ला २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला होता. त्यानंतर मायक्रोसॉफ्टप्रणीत ‘ऑफिस ओपन एक्सएमएल’चा प्रस्ताव आला. देशातील काही बड्या सॉफ्टवेअर कंपन्यांचा त्याला पाठिंबा होता, तर आयआयटीसारख्या संस्थांचा विरोध. भारतीय मानक ब्युरोने २००७ आणि २००८ अशा दोन्ही वेळी प्रतिकूल मत नोंदवले. तरीही एप्रिल २००८ मध्ये मंजुरी जाहीर झाली. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांची अपिले त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फेटाळण्यात आली.

संपादकाची निवड ही वैयक्तिक बाब आहे. तयार झालेली फाइल कोणत्याही संपादकात उघडते. दस्तऐवजाच्या स्वरूपाचे तसे नाही. शासकीय अभिलेख वीस वर्षांनी कोणत्याही एका कंपनीवर अवलंबून न राहता वाचता येतील का, हा त्यातील खरा प्रश्न आहे.

मराठी वाचकांना याचा अनुभव आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी प्रत्येक फॉन्टची संकेतपद्धती निराळी होती. एका संगणकावर टंकलेला मजकूर, तोच फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसे. अशा जुन्या फायली आजही रूपांतर केल्याशिवाय वाचता येत नाहीत.