विंडोज १० चा आधार संपला, आता जुन्या कॉम्प्युटरचं करायचं काय? लिनक्सवर जाण्याआधी हे वाचा

आसनगाव, शहापूर किंवा मुरबाड परिसरात आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप किंवा डेस्कटॉप घरात असेल, तर हल्ली त्याच्याबद्दल एकच सल्ला मिळतो: "हा आता गेला, नवा घ्या." चालू होण्यात पाच मिनिटं जातात, ब्राउझर उघडला की पंखा ओरडायला लागतो आणि स्क्रीनवर 'तुमच्या विंडोजचा सपोर्ट संपला आहे' अशी सूचना येते. कॉलेजात जाणारं पोर घरात असेल, तर नव्या लॅपटॉपचा खर्च लगेच डोळ्यांपुढे उभा राहतो.

पण बहुतेक वेळा असा कॉम्प्युटर बिघडलेला नसतो. त्यावरचं सॉफ्टवेअर त्याला झेपेनासं झालेलं असतं. यावर बिनपैशाचा एक उपाय आहे, तो म्हणजे लिनक्स. मात्र हा उपाय सगळ्यांसाठी नाही. कोणासाठी आहे, कोणासाठी नाही आणि मराठीत काम करणाऱ्यांनी काय सांभाळायचं, ते पाहू.

नेमकं काय झालं?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आणलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा नियमित सपोर्ट बंद केला. याचा अर्थ कॉम्प्युटर बंद पडला असा नाही. तो पूर्वीसारखाच चालतो, पण सुरक्षेतल्या नव्या त्रुटी दुरुस्त करणारे अपडेट येणं थांबलं. घरगुती वापरकर्त्यांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवली आहे, पण तिच्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते आणि ती तात्पुरतीच आहे.

मग विंडोज ११ का टाकू नये? कारण त्याच्या अटी कडक आहेत. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. ती पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. म्हणजे त्याआधीचे बहुतेक कॉम्प्युटर चालू अवस्थेत असूनही अधिकृतपणे बाहेर पडले.

क्रॅक केलेलं विंडोज टाकून देणारेही भेटतात. पण ज्या कॉम्प्युटरवर बँकेचा पासवर्ड टाइप करायचा, त्यावर कुठून तरी उतरवलेला क्रॅक चालवणं म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या देणं. अशा फाइलींमधून व्हायरस येणं ही नेहमीची गोष्ट आहे.

लिनक्स म्हणजे काय?

विंडोजसारखीच लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली आहे. फिनलंडमधला विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये तिचा गाभा लिहिला. त्याआधी, १९८३ पासून, रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प सुरू केला होता. या दोन्ही कामांतून आजचं लिनक्स उभं राहिलं.

ते मुक्तस्रोत आहे. त्याचा मूळ कोड कोणीही पाहू शकतो, बदलू शकतो आणि वाटू शकतो. म्हणूनच त्याची कॉपी मित्राला दिली तर ती चोरी ठरत नाही.

फुकट आहे म्हणजे हलकं असेल, हा गैरसमज काढून टाका. तुमच्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे. जगातले सर्वांत वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटर २०१७ पासून लिनक्सवरच चालतात. केरळच्या सरकारी शाळांमध्ये मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकत आहेत. आपल्याकडे सी-डॅकने 'बॉस' नावाचं भारतीय भाषांना सोयीचं लिनक्स तयार केलं आहे.

कमी ताकदीच्या कॉम्प्युटरचं उदाहरण तर कल्याणच्या पुढचंच आहे. आसनगावची लोकल कसाऱ्याकडे जाते, दुसरा फाटा कर्जतकडे. त्या कर्जत तालुक्यातल्या खैराट या छोट्या गावातल्या शाळेत २००७ मध्ये 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या जागतिक प्रकल्पाची चाचणी झाली. मुलांना दिलेल्या त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपमध्ये रॅम होती फक्त २५६ एमबी आणि साठवणूक १ जीबी. तरीही तो चालत होता, कारण त्यावर बेताचं लिनक्स होतं. तुमच्या घरातल्या जुन्या लॅपटॉपमध्ये याच्या आठपट-सोळापट रॅम असेल.

आधी काम बघा, मग निर्णय घ्या

ब्राउझर, यूट्यूब, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब, ऑनलाइन फॉर्म, बँकेची वेबसाइट, पत्र लिहिणं, हिशेबाची साधी शीट, अभ्यासाचे व्हिडिओ, प्रोग्रामिंग: एवढंच काम असेल तर लिनक्स पुरेसं आहे. फायरफॉक्स, क्रोम आणि झूम तिथे चालतात. वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस मिळतं. इंजिनिअरिंगच्या मुलांना तर लिनक्स अभ्यासातही लागतं.

मात्र पुढच्या मंडळींनी घाई करू नये.

• टॅलीवर दुकानाचा हिशेब ठेवणारे. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे.
• कोरलड्रॉ किंवा फोटोशॉपवर लग्नपत्रिका आणि बॅनर करणारे. इंकस्केप आणि गिम्प हे पर्याय आहेत, पण हात बसायला वेळ लागतो आणि जुन्या फाइली जशाच्या तशा उघडतील याची खात्री नाही.
• सेवा केंद्र चालवणारे. बोटाचे ठसे घेणारं उपकरण आणि डिजिटल सहीची की लिनक्सवर चालते का, हे ते बनवणाऱ्या कंपनीकडे आधी विचारा.
• एमएस-सीआयटी किंवा सरकारी टायपिंग परीक्षेचा सराव घरी करणारे. परीक्षा ज्या सॉफ्टवेअरवर आहे त्यावरच सराव हवा. क्लासमध्ये विचारून घ्या.

यांच्यापैकी कोणी असाल आणि त्या कॉम्प्युटरवर पोट अवलंबून असेल, तर तो तसाच राहू द्या. लिनक्स दुसऱ्या जुन्या यंत्रावर टाका.

खरी अडचण मराठीची: जुने फॉन्ट

लिनक्सवर मराठी चालत नाही असं ऐकलं असेल, तर ते खरं नाही. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिसचे मेनूसुद्धा मराठीत मिळतात. लोहित देवनागरी आणि मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता हे फॉन्ट मोफत आहेत. अख्खी प्रणाली मराठीत केली, तर मेनूमध्ये अधूनमधून इंग्रजी शब्द राहिलेले दिसतील, कारण अनुवाद स्वयंसेवक करतात आणि तो सगळीकडे पूर्ण झालेला नाही.

अडचण आहे ती आपल्या जुन्या फाइलींची. श्रीलिपी, कृतिदेव, आकृती किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आतून मराठी नसतो. कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसला की पतसंस्थेचा ठराव किंवा मंडळाचं इतिवृत्त निरर्थक अक्षरांची रांग होऊन समोर येतं. हीच फाइल मोबाईलवर पाठवली तरी तेच होतं. म्हणजे हा दोष लिनक्सचा नाही, तिथे गेल्यावर तो फक्त उघडा पडतो.

उपाय दोन. एक, विंडोज चालू आहे तोवरच महत्त्वाच्या फाइली कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदला आणि जोडाक्षरं, रफार तपासून घ्या, कारण तिथेच चुका होतात. दोन, नुसत्या वाचायच्या किंवा छापायच्या असतील तर पीडीएफ करून ठेवा. यात एक दुपार जाईल, पण पुढे कोणताही कॉम्प्युटर घेतला तरी हे काम उपयोगी पडेल.

नव्या टायपिंगसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून लगेच जोडता येतो. इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहायची सवय असेल, तर आयबस हे साधन आणि त्याचा एम१७एन हा भाग टाकून घ्या. तसा कीबोर्ड त्यात मिळतो.

कोणतं लिनक्स घ्यावं?

लिनक्सचे शेकडो प्रकार आहेत आणि नवखा माणूस तिथेच गोंधळतो. विंडोजची सवय असणाऱ्यांना लिनक्स मिंट जवळचं वाटतं. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, सगळं ओळखीचं. त्याच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

• रॅम ४ जीबी किंवा जास्त: मिंटची सिनॅमन आवृत्ती. हार्डडिस्क जुनी असेल तर एक्सएफसीई.
• रॅम २ ते ४ जीबी: मिंट एक्सएफसीई किंवा लुबुंटू.
• रॅम २ जीबीपेक्षा कमी किंवा प्रोसेसर ३२ बिटचा: अँटीएक्स.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. लिनक्स हलकं असलं तरी आजच्या वेबसाइट जड आहेत. २ जीबी रॅमवर दहा टॅब उघडले तर कोणतीही प्रणाली अडखळणारच. थोडा खर्च करायची तयारी असेल, तर सर्वांत मोठा फरक एसएसडीने पडतो. जुन्या फिरत्या हार्डडिस्कच्या जागी ती बसवली की यंत्र नव्याने घेतल्यासारखं वाटतं. त्यानंतर रॅम.

कसं करायचं? सात पायऱ्या

१. बॅकअप घ्या. फोटो, कागदपत्रं, ब्राउझरमधले पासवर्ड, सगळं बाहेरच्या डिस्कवर. इथे एक सवय घात करते. विंडोज पुन्हा टाकताना सी ड्राइव्ह पुसला जातो आणि 'डी मधलं राहतं', हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. लिनक्स टाकताना 'इरेज डिस्क' निवडलं तर डी ड्राइव्हसुद्धा जातो. दोन्ही ड्राइव्ह एकाच डिस्कचे तुकडे असतात.

२. फाइल उतरवा. मिंटच्या अधिकृत वेबसाइटवरूनच घ्या. ती ३ जीबीच्या आसपास असते. रोज दीड जीबीचा मोबाईल पॅक असेल तर एका दिवसात उतरणार नाही, म्हणून कॉलेजचं वायफाय वापरा किंवा टॉरेंटने घ्या. टॉरेंट मध्येच तुटलं तरी पुढे चालू राहतं.

३. पेनड्राइव्ह तयार करा. ८ जीबीचा पुरतो. रुफस किंवा एचर हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. पेनड्राइव्हवर आधी जे असेल ते पुसलं जातं.

४. पेनड्राइव्हवरून सुरू करा. कॉम्प्युटर चालू करताच डेल आणि लेनोव्होवर सहसा एफ१२, एचपीवर एस्केप किंवा एफ९ दाबतात. बूटचा मेनू येतो, त्यातून पेनड्राइव्ह निवडा.

५. न टाकता वापरून पाहा. ही पायरी कधीच गाळू नका. लिनक्स थेट पेनड्राइव्हवरून चालतं आणि तुमच्या डिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज, कॅमेरा आणि विशेषतः प्रिंटर तपासा. एचपीचे बरेच प्रिंटर सहज ओळखले जातात. ऑफिसांमध्ये सर्रास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र खटपट करायला लावतो. पेनड्राइव्हवरून सगळं थोडं संथ चालेल, त्याने निराश होऊ नका.

६. टाका. विंडोज पुसायचं की दोन्ही शेजारी ठेवायचं, हे इथे ठरतं. डिस्कवर जागा असेल तर सुरुवातीला दोन्ही ठेवा. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच लिहून घ्या. हे काम साधारण अर्ध्या तासाचं असतं. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते आणि पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. त्यामुळे इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर करा, निदान वारा-पाऊस असताना करू नका.

७. नंतरची कामं. अपडेट मॅनेजर चालवा, मराठी कीबोर्ड जोडा आणि टाइमशिफ्ट चालू करा. काही बिघडलं तर टाइमशिफ्ट प्रणालीला आधीच्या दिवसावर नेतं. तुमच्या फोटो-फाइलींचा बॅकअप ते घेत नाही, तो वेगळा ठेवा.

नेहमीचे प्रश्न

लिनक्सला व्हायरस येत नाही, हे खरं का? घरगुती वापरात धोका बराच कमी आहे, शून्य नाही. आणि केवायसीच्या नावाने आलेल्या खोट्या लिंकवर ओटीपी दिलात, तर कोणतीच प्रणाली वाचवणार नाही.

कमांड टाइप कराव्या लागतात का? रोजच्या वापरात नाही. बहुतेक सॉफ्टवेअर मोबाईलच्या प्ले स्टोअरसारख्या दुकानातून एका क्लिकवर येतं.

शिकायचं कुठे? आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठी आवाजात मोफत आहेत.

वर्डची फाइल पाठवली तर समोरच्याला दिसेल का? दिसेल. लिब्रेऑफिसमध्ये सेव्ह करताना डॉकएक्स प्रकार निवडा. मांडणी थोडी हलू शकते, म्हणून नोकरीचा अर्ज किंवा महत्त्वाचं पत्र पीडीएफ करून पाठवा.

थोडक्यात

जुना कॉम्प्युटर भंगारात दिला तर शे-दोनशे रुपये हाती पडतील, आणि त्यातलं शिसं व इतर घातक धातू कुठे जाणार हे आपल्याला कळणारही नाही. तोच कॉम्प्युटर आणखी काही वर्षं एखाद्या मुलाच्या अभ्यासाला पुरू शकतो. टॅली, कोरल किंवा ठशांच्या उपकरणावर व्यवसाय असेल तर थांबा. नसेल तर आधी जुन्या मराठी फाइली युनिकोडमध्ये आणा, बॅकअप घ्या आणि एक पेनड्राइव्ह लावून बघा. नाही पटलं तर पेनड्राइव्ह काढा, कॉम्प्युटर होता तसाच राहील.